सोलापुरात विजापूर रोडवरचा इमर्जन्सी इंग्लिशचा वीकेंड क्लास: पुस्तक सोडा, फोनसाठी जावा

मुलगी न्यू जर्सीला, ह्यांना शुगर नि बीपी दोन्ही, सहा महिने राहून यायचं ठरलं तेव्हा जावई म्हणाले आम्ही दोघं ऑफिसात असताना काही झालं तर तुम्हाला फोन तरी लावता आला पाहिजे. म्हणून हा क्लास लावला. तिथं आमच्यासारखेच जास्त, पोरं पुण्यात नाहीतर परदेशात. फी दोन हजाराच्या आत.

आधी वाईट सांगते म्हणजे मोकळी. पुस्तक देतात ते निव्वळ रद्दी. अवयवांची यादी, रोगांची यादी, स्पेलिंगसकट, आता मला ॲम्ब्युलन्स बोलवायचीय का दहावीला बसायचंय? पहिला रविवार त्यातच गेला, मला वाटलं पैसे बुडाले.

पण मग मॅडमनी फोन काढला. मॅडम आखातात बरीच वर्षं नर्स होत्या, त्या बाजूच्या खोलीत ऑपरेटर होऊन बसतात, आपण इकडनं फोन लावायचा, त्या मुद्दाम भरभर बोलतात. अमेरिकेत ९११, इंग्लंडात ९९९, ऑस्ट्रेलियात तीन शून्य, युरोपात आपल्यासारखंच ११२, हे सगळं तोंडपाठ करून घेतात. नि बोलताना पहिला पत्ता, कारण मधेच फोन कटला तरी गाडी निघाली पाहिजे. आपलं कसं असतं, आधी काल रात्री काय जेवले इथपासनं सगळी हिस्ट्री, मग दुखतंय कुठं, नि पत्ता शेवटी, तो पण देवळाच्या मागं म्हणून. एक रिटायर्ड काका तर दरवेळी 'रिस्पेक्टेड मॅडम' पासनं सुरू करायचे, तोवर पेशंटचं काय व्हायचं ते होवो. पत्त्यानंतर श्वास चालू आहे का, शुद्धीत आहे का, वय किती, नि ऑपरेटर 'ठेवा' म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. इतकं घोटून घेतलंय की आता झोपेतनं उठवलं तरी सांगीन. पूर्व भागातल्या एक काकू होत्या, घरी तेलुगू, मराठीच अडखळत, त्याच शेवटी सगळ्यात झकास बोलल्या, 'माय हजबंड, चेस्ट पेन, कम फास्ट'. व्याकरण कोण बघतंय! अगदीच सुचलं नाही तर 'इंटरप्रीटर, मराठी' एवढं म्हणायचं, ९११ वाले बऱ्याच ठिकाणी दुभाषा लाइनवर घेतात. हे मला तरी माहीतच नव्हतं.

औषधांचा तास पण चांगला. आपलं ब्रँडचं नाव तिकडं कोण ओळखतंय, ग्लायकोमेट नाही, मेटफॉर्मिन म्हणायचं. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन नावानं मिळतं, दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिकडं अल्ब्युटेरॉल. इंग्लंडात जाणाऱ्यांना अजून एक भानगड, तिकडं शुगर वेगळ्याच मापात सांगतात, आपल्या आकड्याला १८ ने भागायचं, म्हणजे आपली १८० ती त्यांची १०. हे सगळं मॅडम फळ्यावर लिहितात नि आपण उतरवून घ्यायचं, अहो मग पुस्तकात तेच छापायला काय होतंय? एक कार्ड मात्र प्रत्येकाकडनं लिहून घेतलं, नाव, आजार, औषधं, कशाची ॲलर्जी, घरचा फोन, सगळं इंग्रजीत. ह्यांच्या पाकिटात तेच आहे आता.

इन्शुरन्सबद्दल एक अक्षर नाही, हे मोठं राहिलं. अमेरिकेत ॲम्ब्युलन्सचं पण बिल येतं नि ते साधंसुधं नसतं, नि जुनी दुखणी, त्यांच्या भाषेत प्री-एक्झिस्टिंग कंडिशन, पॉलिसीत धरलीत का नाही हे विचारायचं कसं हे तरी शिकवायला पाहिजे होतं. ते आम्हाला जावयांनी सांगितलं.

पाचपैकी चार. एक कापला तो पुस्तकाचा. जाणार असाल तर सकाळची बॅच घ्या, संध्याकाळी गर्दीत फोनची पाळी नीट येत नाही, नि गाडी जरा लांबच लावा, खालचा दुकानदार लई ओरडतो.