एका टिकपायी: लेन्स डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा वापरानंतरचा अनुभव

नूतनीकरणाचं बिल आलं, म्हणून लिहायला बसलो. हे सॉफ्टवेअर गेल्या दिवाळीपासून आमच्या पोलोग्राउंडच्या वर्कशॉपात आहे. नाव घेत नाही, एजंट अजून फोन तरी उचलतो. इंदुरात आमची कामं बहुतेक बीम एक्स्पांडरची, म्हणजे लेझरचा समांतर झोत रुंद करून समांतरच बाहेर सोडणाऱ्या लेन्सजोडीची. लेझर मार्किंगवाले गिऱ्हाईक, 1064 नॅनोमीटर, तिप्पट नाहीतर पाचपट.

ग्राफ सुरेख, काचांचे कॅटलॉग भरपूर, वेगाबद्दल तक्रार नाही. पण ती टिक! सेटिंगमध्ये ‘अफोकल इमेज स्पेस’ (किरण एका बिंदूत न मिळता समांतर निघतात) अशी चौकट आहे. तिथे टिक असली की स्पॉट डायग्राम, म्हणजे किरण कुठे पडतात त्याचं चित्र, कोनात येतो, किरण किती समांतर निघाले ते कळतं. अपडेटनंतर जुनी फाइल उघडली की ही टिक गुपचूप उडालेली असते. मग 30 मिमीचा समांतर झोत सॉफ्टवेअरला 30 मिमीचा डाग वाटतो. ऑप्टिमाइझ दाबा, ते इमानेइतबारे डाग लहान करत जातं आणि एक्स्पांडरची फोकस करणारी लेन्स होऊन बसते. मेरिट फंक्शन, म्हणजे जितका कमी तितका चांगला असा दोषांचा आकडा, मात्र असं घसरतं की पेढे वाटावेत.

एजंट म्हणतो, “भिया, एक बार रीइंस्टॉल कर लो.” अहो, केलं! तिकीट टाकलं तर उत्तर आलं, “फाइल तपासून घ्यावी.” भाड्याची तारीख मात्र यांना न चुकता आठवते.

आता वैताग जरा उतरलाय. शेवटी एक्स्पांडरपुढे 1000 मिमी फोकल लांबीची आदर्श पॅराक्सियल (बिनदोषाची, फक्त गणितातली) लेन्स ठेवतो आणि टिक काढूनच टाकतो. स्पॉट जितके मायक्रॉन, तितके थेट मायक्रोरेडियन, गुणाकारसुद्धा नाही. हे ओस्लो या लेन्स डिझाइन सॉफ्टवेअरच्या फुकट शैक्षणिक आवृत्तीतही जमतं. 10 सरफेसची, म्हणजे पृष्ठभागांची, मर्यादा आहे खरी, पण दोन लेन्सच्या गॅलिलियनला (एक खोलगट, एक फुगीर लेन्स असलेल्या एक्स्पांडरला) चारच लागतात. शिकाऊ पोराला तीच दिलीय.

पैसे वसूल झाले ते टॉलरन्समध्ये, म्हणजे किती चूक चालेल त्या हिशोबात. बीके7 काचेच्या −50 आणि 150 मिमी फोकल लांबीच्या जोडीत 633 नॅनोमीटरला 100 मिमी धरलेलं अंतर 1064 ला सुमारे पावणेदोन मिमीने वाढतं. आणि 30 मिमीच्या झोतात या अंतरातली 0.1 मिमीची चूक काठाचा किरण जवळपास 0.07 मिलिरेडियन वाकवते. अंतर जुळवायच्या थ्रेडची पिच त्यावरूनच ठरवली. तेवढ्यासाठी यंदा भाडं भरीन, पण तीन महिन्यांचंच मागितलंय.

एक गोष्ट ऑप्टिमायझर आपणहून सांगत नाही. ती कॅटमधल्या (इंदूरच्या सरकारी लेझर संशोधन केंद्रातल्या) एका निवृत्त काकांनी कागदावर काढून दाखवली. समजा −50 ची सपाट-खोलगट लेन्स आहे आणि तिची खोलगट बाजू लेझरकडे आहे. त्या बाजूवरून परतलेला उजेड साधारण 13 मिमीवर गोळा होतो. पल्स्ड लेझर असेल तर तिथे काहीही बसवू नका, आणि घोस्टची, म्हणजे अशा परतलेल्या उजेडाची, तपासणी वेगळी लावा.