पॅसिव्ह प्रीअँप की अ‍ॅक्टिव्ह?

प्रीअँप म्हणजे सोर्स (सीडी प्लेअर वगैरे) आणि स्पीकर चालवणारा पॉवर अँप यांच्या मधला, आवाज कमी-जास्त करणारा डबा; पॅसिव्हमध्ये सिग्नल वाढवणारं सर्किट नसतं, अ‍ॅक्टिव्हमध्ये असतं. बजेट कमी असेल तर आधी एक बघा, तुमच्या सोर्सला गेनची, म्हणजे सिग्नल वाढवण्याची, गरज आहे का? सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा डबा) साधारण 2 व्होल्ट देतो आणि बऱ्याच पॉवर अँपना फुल पॉवरला 1 ते 1.5 व्होल्ट पुरतात, म्हणजे आवाज वाढवायचा नाहीये, कमीच करायचाय! अशा वेळी पॅसिव्ह मला मनापासून आवडतो, आत एक चांगला पॉट (आवाजाच्या नॉबमागचा बदलता रेझिस्टर) आणि सिलेक्टर (सोर्स निवडायचा स्विच), पॉवर सप्लाय नाही त्यामुळे त्याचा हम (घूं असा आवाज) पण नाही, आणि सगळा पैसा पार्ट्समध्ये जातो.

पण पॅसिव्हचं गणित इंपिडन्सवर (सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये मोजतात) अडतं. 10 किलोओहमचा पॉट घ्या, केबल 1 मीटरच्या आत ठेवा, पॉवर अँपचा इनपुट इंपिडन्स 47 किलोओहम वगैरे असेल तर काही प्रॉब्लेम नाही. 50 किलोओहमचा पॉट लावून लांब केबल ओढली की केबलच्या कपॅसिटन्समुळे (विद्युतभार साठवण्याच्या गुणामुळे) ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, दबतो, आणि लोक बिचारे स्पीकरला दोष देतात.

अ‍ॅक्टिव्हला ही कटकट नाही, आउटपुट इंपिडन्स कमी, लांब केबल चालते. फक्त स्वस्तातल्यात गेन उगाच जास्त असतो, नॉब जरा फिरवला की आवाज अंगावर येतो, आणि हिस (सूं-सूं आवाज) ऐकू येतो तो वेगळाच. टर्नटेबल असेल तर मात्र दोन्हीत फोनो स्टेज (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) वेगळा लागेल, अ‍ॅक्टिव्हमध्ये आधीच दिला असेल तर गोष्ट वेगळी.