घड्याळ एक, सूर्य दोन: द्वारका आणि रोइंग
गुजरातची द्वारका आणि अरुणाचलचं रोइंग. घड्याळ दोन्हीकडे तेच, भारतीय प्रमाणवेळेचं, म्हणजे ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताचं. सूर्य मात्र त्याला जुमानत नाही. मधे जवळपास २७ रेखांश, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे पावणेदोन तासांचा फरक. डिसेंबरात रोइंगला सव्वाचारलाच दिवेलागण. द्वारकेत तेव्हा कुठे दुपारचा चहा उकळत असतो.

द्वारका देवळाभोवती फिरते. शिखरावरची ५२ गजी ध्वजा दिवसातून अनेकदा बदलते, तीही वाजतगाजत. रोइंग शांत, इदू मिश्मी या आदिवासी जमातीचं. गंमत म्हणजे तिथल्या लोककथेत कृष्णाची रुक्मिणी जवळच्याच भीष्मकनगरची. आम्ही अमरावतीकर तिला कौंडिण्यपूरची म्हणतो, आणि मागे हटणार नाही!

राहायला मी रोइंगच निवडेन. फक्त उन्हाळ्यात पहाटे साडेचारलाच लख्ख उजाडतं, तेव्हा जाड पडदे हवेत.