मुरूडच्या कॉटेजपायी माझे २०,६०० रुपये गेले

मुरूड-जंजिऱ्याला निघाला असाल तर आधी हे वाचा.

समुद्रासमोरचं कॉटेज, नकाशावर सापडलेला नंबर, व्हॉट्सॲपवर फोटो. दोन खोल्या, दोन रात्री, १८,००० रुपये. निम्मे आगाऊ म्हणून ९,००० पाठवले. मग चौघांच्या बोटीचे १,६००. मग डिपॉझिट ५,०००. मग "सिस्टीमला एंट्री दिसत नाही, परत टाका, आधीचे आपोआप रिटर्न होतील" म्हणून आणखी ५,०००. पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

जिवाला लागलंय ते बोटीचं. फोनवरचा माणूस म्हणाला, "बोट कॉटेजसमोरूनच सुटते, डायरेक्ट किल्ल्यात." अहो, मी शाळेच्या सहलीत जंजिरा पाहिलाय! बोट सुटते राजपुरीच्या जेट्टीवरून, मुरूडपासून चार-पाच किलोमीटरवर. शिडाची होडी दरवाजाशी लाटांवर वरखाली होते आणि नावाडी मनगट धरून पायरीवर ओढून घेतो. सगळं आठवत होतं, तरी हो म्हटलं. पैसे पाठवताना नाव आलं कुठल्याशा मोबाईल शॉपीचं. मुलीने विचारलंही, "बाबा, हे कोण?" मी तिलाच गप्प केलं. नाव जुळत नसेल तर एक रुपयाही टाकू नका. मी अडाणी नाही, बावीस वर्षं हिशेबाचंच काम करतोय. पण जोडून सुट्ट्या, सगळीकडे फुल्ल, आणि हा दर पाच मिनिटांनी "दुसरी पार्टी थांबलीय" म्हणायचा.

शनिवारी ताम्हिणी उतरून तिथे पोचलो. फोटोतलाच झोपाळा, त्याच पोफळी. मालकीणबाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "या महिन्यातले तुम्ही तिसरे."

तिथल्या पोलीस ठाण्यात सांगितलं, पैसे तुमच्या गावातून गेले, तिकडे जा. गावच्या ठाण्यात म्हणाले, प्रकार तिकडचा, तिकडे जा. हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते, झिरो एफआयआर म्हणतात त्याला. हे मी सांगितल्यावर साहेब म्हणाले, "मग तुम्हीच लिहा." दीड तास बाकावर. बँकेत तर पोरगेलासा अधिकारी मान वर न करता म्हणाला, "पिन तुम्हीच टाकलात ना?" मी चोर आहे का? ज्या खात्यात पैसे गेले ते कुणीतरी कागद तपासूनच उघडलं असेल ना?

कळल्याक्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, मी दोन दिवस घालवले. बोटीचं तिकीट जेट्टीवरच काढा.

काल मेव्हण्याच्या फोनवरून त्या नंबरला मेसेज केला. तेच फोटो आले. दिवाळीसाठी दोनच खोल्या उरल्यात म्हणाला.