९७ डीबीचे हॉर्न स्पीकर आणि १०० वॅटचा अ‍ॅम्प: दहा महिने वापरल्यावर

मे महिन्यात ही जोडी लावली तेव्हा मी ओळखीच्या चार जणांना फोन करून सांगितलं होतं, डोळे झाकून घ्या. ती शिफारस आज अर्धी मागे घेतो.

स्पीकर सेकंडहँड, पुण्याहून टेम्पोत आणले. १२ इंची वूफर (खर्जाचा स्पीकर), वर हॉर्न म्हणजे भोंगा, ९७ डीबी म्हणजे एका वॅटला एक मीटरवर तेवढा आवाज, ८ ओहम, ६२ हजार. अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) नवा कोरा, ३८ हजारांचा. दुकानात तासभर ऐकून घेतला, पण तिथे एसी चालू होता आणि शटरबाहेर रहदारी. घरी अमळनेरला पारा ४४ च्या वर, म्हणजे खोलीत कूलर हवाच. पुढे पाऊस, पंखा, ऑक्टोबरचा उकाडा. सहा महिने मी खूश होतो.

नोव्हेंबरात पंखाही बंद झाला. एका पहाटे तोडी लावली, ती संपली, आणि आतून आई म्हणाली, "गानं बंद व्हयनं ना? मंग हाई काय वाजी ऱ्हायनं?"

हॉर्नमधून सूऽऽ येत होतं. व्हॉल्यूम शून्यावर नेला, तरी तेवढंच. सोर्सची वायर काढली, तरी तेवढंच. त्या दिवसापासून मला दुसरं काही ऐकूच येईना. विलंबित आलापात दोन स्वरांच्या मध्ये तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची झणझणीत गुंज, हळूहळू विरत जाते, ती ऐकण्यासाठीच मी एक लाख घातले होते. नेमकी तिच्या शेपटावर ही सूऽऽ बसायची.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला अ‍ॅम्प पाठवला. जाण्यायेण्याचं कुरिअर २,८०० रुपये, माझ्या खिशातून. तीन आठवड्यांनी परत आला, कागदावर एकच ओळ: दोष आढळला नाही. फोनवर भांडलो. कोणत्या स्पीकरवर तपासलात, एवढं विचारायला चार फोन लागले. उत्तर आलं, ८६ डीबीच्या बुकशेल्फवर, म्हणजे छोट्या स्पीकरवर. म्हणजे माझ्यापेक्षा ११ डीबीने मुके स्पीकर! त्यांच्या बेंचवर हिस, म्हणजे ही सूऽऽ, ऐकू येणारच नव्हती. हे त्यांनी पहिल्याच फोनवर सांगायला हवं होतं, याचा राग अजून आहे.

खरा उलगडा जळगावच्या एका जुन्या रिपेअरवाल्या काकांकडे झाला. त्यांनी इनपुट शॉर्ट करून, म्हणजे बाहेरून काहीच आत जाणार नाही असं करून, ऑसिलोस्कोप (व्होल्टेज पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला. आउटपुटवर साधारण १ मिलिव्होल्ट नॉइज. हिशोब त्यांनी बिलाच्या पाठीवरच मांडला. २.८३ व्होल्टला (८ ओहमवर एक वॅट) ९७ डीबी देणारा स्पीकर १ मिलिव्होल्टला एक मीटरवर २८ डीबी देतो. आमच्या खोलीत पहाटे ते ऐकू येणारच. हाच अ‍ॅम्प ८६ डीबीच्या स्पीकरवर १७ डीबी देईल, कोणाला पत्ता लागणार नाही. नॉइज ०.१ मिलिव्होल्ट असता तर माझ्याकडेही ८ डीबीच आलं असतं आणि आईची झोप मोडली नसती.

वॅटचं गणित तर त्याहून डोळे उघडणारं. तीन मीटरवर बसून ७५ डीबीने ऐकायचं तर या स्पीकरला एका वॅटचा दहावा भागसुद्धा लागत नाही. प्रचाराच्या रिक्षेवरचा भोंगा ३०-४० वॅटवर अख्खं गाव उठवतो, तो हॉर्नमुळेच. आपल्याकडे लग्नातल्या डीजेमुळे वॅट म्हणजे ताकद हे डोक्यात पक्कं बसलंय. १०० वॅटसाठी मी जे जास्तीचे पैसे मोजले, त्यातले ९९ वॅट घरात कधी वापरलेच गेले नाहीत.

व्हॉल्यूमच्या बटणाचा त्रासही त्यातूनच, थोडक्यातच स्पीकर मोठ्याने वाजतात. घड्याळाच्या काट्यासारखं पाहिलं तर साडेसातला शांत, आठला पुरेसं, साडेआठला घर दणाणतं. पॉटच्या (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरच्या) अगदी सुरुवातीला डावा-उजवा दोन्ही चॅनेल सारखे नसतात, त्यामुळे गायक डावीकडे सरकलेला. मी महिनाभर स्पीकरच हलवत बसलो होतो.

मधल्या काळात माझी खात्री झाली होती की उपाय एकच, ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी जुन्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा. अमेरिकेतल्या क्लिप्शने १९४६ साली हॉर्नचा धंदा सुरू केला तेव्हा घरातले अ‍ॅम्प मोजक्या वॅटचेच असायचे, तेव्हा ही जोडी जन्माचीच, असं मी लोकांना सांगतही होतो. धुळ्याच्या मित्राचा ईएल८४ या ट्यूबच्या जोड्यांचा (पुश-पुल) अ‍ॅम्प पंधरा दिवस घरी आणला. गळा सुंदर लागला, खोटं बोलणार नाही. हिस जवळजवळ गेली. पण तिच्या जागी बारीक गुणगुण आली, आणि डग्ग्याची मींड सैल पडली. बोट दाबत नेल्यावर जो घुमार घट्ट वळतो, तो पसरायला लागला. ट्यूब अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे आतला विरोध, जास्त असतो, वूफरवरची पकड सुटते. शिवाय मे महिन्यात अमळनेरच्या खोलीत तापणाऱ्या ट्यूबची आणखी एक शेगडी कोण पेटवेल? म्हणून ट्यूबबद्दल जे बोललो होतो तेही मागे घेतो. नॉइज कमी आणि गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) कमी असा अ‍ॅम्प हवा, मग आत ट्यूब असो वा ट्रान्झिस्टर.

सध्याचा इलाज १६० रुपयांचा आहे. प्रत्येक स्पीकरला ३.९ ओहमचा सिमेंट रेझिस्टर सीरिजमध्ये, म्हणजे वायरीच्या वाटेत, आणि ८.२ ओहमचा स्पीकरला पॅरलल, म्हणजे त्याच्या दोन्ही टोकांवर आडवा. सगळे १० वॅटचे. अ‍ॅम्पला पूर्वीसारखाच ८ ओहमचा भार दिसतो, स्पीकरला ६ डीबी कमी मिळतं. सोर्सच्या वायरीत अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) लावून बटण सुधारलं असतं, हिस नाही. व्हॉल्यूम शून्यावर जो आवाज राहतो तो पॉटच्या पुढच्या भागातला, त्याला अडवायचं तर अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्येच. आता हिस हॉर्नला कान लावला तरच येते, बटण नऊच्या पुढे फिरतं, गायक मधोमध बसलाय.

किंमत मात्र मोजावी लागते. चार वॅट पाठवले तर तीन रेझिस्टर तापवण्यात जातात. हॉर्नच्या एफिशिअन्सीसाठी पैसे मोजले आणि तीच मी जाळतोय, हे मनाला लागतं. डग्गाही किंचित सैल झालाय, ट्यूबइतका नाही. मोठ्या आवाजात वाजवणाऱ्यांनी हे करू नका, १० वॅटचे रेझिस्टर तापून जातील.

तेव्हा ज्या दोघांनी माझं ऐकून असा अ‍ॅम्प बुक करायचं ठरवलंय, त्यांनी आधी आपलेच स्पीकर दुकानात न्यावेत. एसी, पंखा बंद करायला लावा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा आणि हॉर्नला कान लावा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या. स्पीकर मी विकणार नाही. पुढच्या आठवड्यात कूलरला नवं गवत बसवायचंय, त्याआधी रोज पहाटे पाचला उठून ऐकतोय.