किट, डायकास्ट की सनबोर्ड? पहिली मॉडेल गाडी ठरवताना

रस्त्यावरची अ‍ॅम्बेसेडर साधारण ४.३ मीटर लांब. तीच १:१८ मध्ये, म्हणजे अठरापट लहान केली की, २४ सेंटीमीटरची होते, १:२४ मध्ये १८ची, १:४३ मध्ये १०ची आणि १:६४ मध्ये जेमतेम पावणेसात सेंटीमीटरची. मॉडेल गाड्यांचा छंद लावून घ्यायचं मनात असेल तर कुठल्या कंपनीची घ्यावी हे नंतर बघा. आधी फूटपट्टी घेऊन घरातली फळी मोजा. तीन फुटांच्या फळीवर १:१८च्या तीन गाड्या एकामागे एक लावल्या की रांग संपते. १:६४च्या बारा आरामात मावतात.

जागेनंतरचा प्रश्न जास्त महत्त्वाचा, आणि तो फारसं कुणी स्वतःला विचारत नाही: यातल्या कुठल्या कामात तुमचा हात रमणार आहे? धातू साच्यात ओतून केलेली तयार गाडी (डायकास्ट) खोलून, तिचा रंग उतरवून ती आपली करून घेण्यात, प्लास्टिकचे शंभरेक सुटे भाग (किट) जोडत गाडी उभी करण्यात, की फोमच्या कोऱ्या शीटमधून (सनबोर्ड) ती कापून काढण्यात? ही तिन्ही कामं मी केली आहेत, अजूनही करते, आणि तिन्हींचा स्वभाव अगदी वेगळा आहे. केवळ किमतीकडे बघून सुरुवात केलेली किटं अर्धवट अवस्थेत माळ्यावर जाताना मी पाहिली आहेत.

१:६४ डायकास्ट: चूक परवडते

मॅचबॉक्स १९५३ची, हॉट व्हील्स १९६८ची, आणि आज दोन्ही नावं मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीकडेच आहेत. साधी हॉट व्हील्स खेळण्यांच्या कुठल्याही दुकानात दोनशे रुपयांच्या आसपास मिळते. तिला सगळे १:६४ म्हणतात, पण माप काटेकोर नसतं. ट्रक असो की छोटी हॅचबॅक, दोन्ही जवळपास एकाच आकारात बसवलेल्या असतात. प्रमाण नेमकं हवं असेल तर मिनी जीटी किंवा टार्मॅक वर्क्सकडे वळावं लागतं, आणि तिथे हजार रुपये सहज जातात. शिकण्यासाठी मात्र साधी हॉट व्हील्सच घ्या.

ती उलटी धरली की तळाला टिकलीएवढे एक-दोन रिव्हेट दिसतात. बॉडीतून खाली आलेल्या खुंट्या तळाच्या भोकांतून काढून वरून चेपलेल्या असतात. रिव्हेटच्या मधोमध खिळ्याने खूण करायची आणि तीन मिलिमीटरचं ड्रिल अगदी सावकाश फिरवायचं. चेपलेलं डोकं बारीक कडीसारखं ड्रिलवर चढून वर आलं की तिथेच थांबायचं. त्याहून खोल गेलात तर खुंटी संपते आणि गाडी बंद करायला फक्त गोंद उरतो. नीट जमलं तर त्याच खुंटीत छोटा स्क्रू बसतो आणि गाडी हवी तेव्हा खोलता येते. आत सापडतं तेही थोडकंच: बॉडी, काच, सीटांचा एक तुकडा, तळ आणि चाकांचे दोन आस.

हार्डवेअरच्या दुकानातला पेंट रिमूव्हर लावला की काही मिनिटांत रंगाला सुरकुत्या पडतात आणि खालून मळकट चंदेरी धातू दिसू लागतो. तो झामॅक, म्हणजे जस्त आणि त्यात थोडं अ‍ॅल्युमिनियम. काच आणि सीटं या रसायनापासून लांब ठेवा, हातमोजे घाला आणि काम बाल्कनीत करा. पुढे चारशे आणि सहाशे नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमर, रंग, हेडलाइटला टूथपिकच्या टोकाने चांदीचा एक ठिपका. दोन रविवार पुरतात. बिघडलंच तर रिमूव्हर पुन्हा लावायचा. चूक पुसून कोऱ्या धातूवर परत येण्याची ही सोय बाकी दोन रस्त्यांवर इतक्या सहज मिळत नाही.

ड्रिल लावण्याआधी गाडीवर ‘टीएच’ अक्षरं किंवा ज्वाळेची खूण आहे का ते पाहून घ्या. हॉट व्हील्सची ट्रेझर हंट (‘टीएच’) मालिका १९९५ पासून निघते आणि तिच्यातल्या दुर्मीळ गाड्यांना संग्राहकांकडे मूळ किमतीच्या कितीतरी पट मोल असतं. तशी गाडी हाती लागली तर पाकिटातून बाहेरही काढू नका.

१:२४ किट: महिनाभराची सोबत

तामिया, आओशिमा, फुजिमी, हासेगावा ही चारही नावं जपानच्या शिझुओका प्रांतातली. गाड्यांच्या बाबतीत जपानी किटं मुख्यतः १:२४ची, तर एएमटीसारख्या अमेरिकी कंपन्यांची बरीचशी १:२५ची. एएमटीने १९५८ मध्ये असा डबा काढला की त्यातून तीच गाडी मूळ रूपात, सजवून किंवा शर्यतीची म्हणून, अशी तीन प्रकारे बांधता यायची. गाडी आपल्या मनासारखी करायची चटक कित्येकांना अशा डब्यांतून लागली.

खर्चाचं स्पष्ट बोलते. चांगलं किट अडीच-तीन हजारांपासून पुढे, आणि निपर (भाग कापायची बारीक पक्कड), बारीक चाकू, पॉलिश पेपर, सिमेंट (प्लास्टिक जोडायचा पातळ द्रव), प्रायमर, रंगाचा कॅन, क्लिअर कोट (वरून द्यायचा पारदर्शक थर) हे सगळं पहिल्यांदा घेताना जवळपास तेवढेच पैसे पुन्हा लागतात. दुसऱ्या किटला हा भार उरत नाही. वेळ मात्र दरवेळी लागतो. रोज अर्धा-पाऊण तास दिला तर माझं एक किट महिना-दीड महिना घेतं.

या कामातली गोडी सांगायची तर ती सांध्यावरच्या एका थेंबाची आहे. दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि पातळ सिमेंटचा ब्रश सांध्याला नुसता टेकवायचा. थेंब आपोआप फटीतून धावतो, किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, किंचित विरघळतं आणि दोन भाग एकजीव होतात. त्या क्षणी बोट सांध्यावर असेल तर बोटाचा ठसा बॉडीवर कायमचा उमटतो, आणि मग घासत बसणं आलं.

माझ्या पहिल्या किटची पुढची काच मी इन्स्टंट ग्लूने चिकटवली होती. सकाळी उठून पाहिलं तर काचेच्या आतून धुक्यासारखा पांढरा थर, आणि डॅशबोर्ड रंगवण्यात घालवलेल्या चार संध्याकाळी त्यामागे झाकल्या गेलेल्या. त्या ग्लूची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसते. तेव्हापासून काचेला पांढरा डिंक, तोही टूथपिकने आणि अगदी थोडा.

किट घेताना डब्यावरची चित्रं नीट बघा. इंजिन आहे की नुसतं बॉनेट? तामियाच्या बऱ्याच किटांत इंजिन नसतं, त्यामुळे जोडणी सोपी होते. ज्यांना यंत्राचीच ओढ आहे त्यांची मात्र निराशा होते. आणि सिमेंट-रंग काहीच नको, आधी नुसता अंदाज घ्यायचा आहे, असं असेल तर आओशिमाची १:३२ची स्नॅप किटं आहेत. त्यात सुझुकी जिम्नीसुद्धा आहे. भाग रंगीत प्लास्टिकचेच असतात आणि एकमेकांत दाबून बसतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाबरोबर बसून एका दुपारी होण्यासारखं काम आहे.

सनबोर्ड: आपली गाडी हवी असेल तर

वरच्या दोन्ही रस्त्यांवर पोर्शे, स्कायलाइन, मस्टँग भरपूर भेटतात. लहानपणी ज्या गाडीत खिडकीची जागा पकडायला धावलो, ती एसटी हवी असेल तर ती स्वतःच बांधावी लागते. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. तिच्यावर जीव असलेली कितीतरी माणसं आज घरी लालपरी बांधतात, आणि त्यांचं काम पाहून मला किटवाल्यांहून त्यांचं कौतुक जास्त वाटतं. त्यांच्या हाताशी सूचनांचा कागद नसतो. आगारात उभं राहून काढलेले फोटो आणि टेपने घेतलेली मापं, एवढीच शिदोरी.

साहित्य सगळं स्टेशनरीच्या दुकानातलं: तीन आणि पाच मिलिमीटरचा सनबोर्ड, खिडक्यांना ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद), दांड्यांना संपलेल्या रिफिली. खर्च किटहून कमी. कौशल्य मात्र सगळ्यात जास्त लागतं, आणि ते कापण्यात आहे. स्टीलची पट्टी धरून एकाच रेषेवर हलक्या हाताने चार-पाच वेळा कटर ओढायचा. एका दणक्यात कापायला गेलं की कड तिरकी जाते आणि बाराव्या खिडकीपर्यंत पोचताना सगळी रांग कललेली दिसते. दहा मीटरची बस १:३२ मध्ये ३१ सेंटीमीटरची होते. सुरुवातीला हेच माप बरं, कारण मार्गफलक आणि आगाराचं नाव वाचता येईल इतकं मोठं येतं.

सपाट अंगाच्या गाड्यांना सनबोर्ड छान साथ देतो: परिवर्तन, हिरकणी, मालट्रक. प्रीमियर पद्मिनीच्या गोलाईशी मात्र तो भांडतो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची उतरली, आणि तेव्हापासून काळी-पिवळी बांधायची हौस अनेकांना आहे. तिच्यासाठी थ्रीडी प्रिंट काढून घेणं शहाणपणाचं. प्रिंटचे थर दिसेनासे होईपर्यंत प्रायमर मारून घासत राहायची तयारी ठेवा. रंग देताना पिवळा आधी. तो पूर्ण वाळला की छतावर मास्किंग टेप लावायची, टेपची कड नखाने दाबून बसवायची आणि मग काळा. उलट क्रमाने गेलात तर काळ्यावर पिवळा झाकता झाकत नाही.

एक मधली वाटही आहे. सेंटी टॉइजची मागे ओढून सोडायची प्लास्टिकची अ‍ॅम्बेसेडर किंवा रिक्षा घ्यायची, खोलायची आणि पुन्हा रंगवायची. बारकावे किटइतके नसतात, पण गाडी आपली असते.

रंग, वास आणि पावसाळा

निर्णय खरा इथे अडतो. तिन्ही रस्ते स्प्रेच्या कॅनपाशी येऊन मिळतात, आणि छोट्या फ्लॅटमध्ये कॅन मारायचा कुठे हे आधी ठरलेलं बरं. बाल्कनी किंवा गच्ची असेल तर कॅन. नसेल तर पाण्यात विरघळणारे अ‍ॅक्रिलिक आणि ब्रश. ब्रशने १:६४ची बॉडी नीट रंगवता येते, पण १:२४च्या लांबलचक बॉनेटवर ब्रशचे ओघळ उजेडात दिसतातच. म्हणजे ज्याच्याकडे स्प्रे करायला जागा नाही, त्याने किटपेक्षा छोट्या डायकास्टकडे जावं, असं माझं ठाम मत आहे. नेलपॉलिशसुद्धा प्रायमर मारलेल्या धातूवर सुंदर बसते. किटच्या उघड्या प्लास्टिकवर ती कधीही लावू नका, तिच्यातलं द्रावण प्लास्टिक खातं. स्प्रेचा कॅन थर्माकोलवर मारला तर थर्माकोल विरघळून खड्डे पडतात, म्हणून घरी पडून असलेल्या थर्माकोलची बस करायच्या भानगडीत पडू नका.

थरांचा क्रम पाळा. इनॅमल आणि लॅकर हे रंगांचे दोन प्रकार, आणि इनॅमलवर लॅकर मारला की खालचा रंग सुरकुततो. लॅकर खाली, इनॅमल वर, हे चालतं. टू-के (दोन भाग मिसळून वापरायचं) क्लिअर आरशासारखी चकाकी देतं, पण त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहे. योग्य फिल्टरचा मास्क नसेल तर ते घरात आणूच नका, आणि कापडी मास्क त्याला पुरत नाही.

आणि आपला पावसाळा. जुलैतल्या एका संध्याकाळी, पाऊस थांबलेला पाहून, मी डोंबिवलीच्या बाल्कनीत गडद निळ्या बॉडीवर क्लिअर मारलं. दहा मिनिटांत सगळ्या टपावर दुधाची साय धरल्यासारखा पांढुरकेपणा आला. लॅकर वाळताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं, त्याचा हा परिणाम. कोरड्या दिवशी पुन्हा एक पातळ ओला हात मारल्यावर बराचसा गेला, सगळा गेला नाही. कोकण-मुंबईकडे राहत असाल तर जून ते सप्टेंबर हे महिने जोडणी, कापणी आणि आतल्या भागांच्या ब्रशकामासाठी ठेवा. बॉडी दिवाळीनंतर रंगवा. विदर्भ-मराठवाड्यात ही अडचण बरीच कमी, तिथे उन्हाळ्यात उलट रंग हवेतच सुकून बॉडीवर खरखरीत बसतो, म्हणून सकाळी लवकर मारावा.

फळीवर ठेवल्यानंतर

बंद काचेचं कपाट किंवा अ‍ॅक्रिलिकचा डबा हवाच. उघड्या फळीवरची धूळ पुसता पुसता आरसे आणि वायपर तुटतात, आणि ते कपाटाहून महाग पडतं. थेट ऊन नको, लाल रंग आणि डिकल्स (गाडीवर चिकटवायची अक्षरं-चित्रं) आधी फिकटतात. ओलाव्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडू शकतं. वर्षानुवर्षं एकाच जागी उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे मऊ टायर खालच्या अ‍ॅक्रिलिकवर डाग पाडतात. जड १:१८ गाडी तळाला छोटा ठोकळा देऊन चाकं किंचित अधांतरी ठेवली की टायर चपटेही होत नाहीत.

१:१८बद्दल इतकंच: ती मुख्यतः तयार विकत घेऊन बघायची गोष्ट आहे. मैस्टो, बुरागो या कंपन्यांच्या गाड्यांच्या उघडणाऱ्या दारांची मजा वेगळीच. पण बनवायची हौस असेल तर ते पैसे हत्यारांत घाला.

मला विचाराल तर ज्याने आजवर काहीच केलेलं नाही त्याने आधी दोन हॉट व्हील्स खोलाव्यात. चारशे रुपयांत कळतं की आपल्याला खोलणं-रंगवणं आवडतं की नाही. त्यात मन रमलं आणि हातात महिनाभराचा धीर असेल, तर किट. वहीत बसची चित्रं काढत मोठे झाला असाल, तर या दोन्ही पायऱ्या सोडून सरळ सनबोर्ड आणा. हाताला सफाई यायच्या आधीच गाडीवरचं प्रेम तुम्हाला पुढे नेतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

पहिल्या किटचा रंग निवडताना पिवळा आणि पांढरा टाळा, ते पाच-सहा हात मारल्याशिवाय झाकत नाहीत, आणि खालचं प्लास्टिक लाल असेल तर गुलाबी झाक वर येते. मेटॅलिकमध्ये हात कमी-जास्त पडला की ढगासारखे पट्टे दिसतात. साधा गडद निळा किंवा गडद हिरवा घ्या, कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, नीट हलवा, आणि पहिला हात इतका पातळ मारा की खालचा प्रायमर दिसत राहील.