दंडावर बांधायचे रक्तदाबमापक : आठ महिन्यांच्या वापरानंतर

वजन उतरवून आणि नियमित चालून रक्तदाब आटोक्यात आणायचे ठरले, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने मी दंडावर पट्टा बांधून मोजणारे स्वयंचलित यंत्र घेतले. मनगटावरचे यंत्र सुटसुटीत असते, पण मनगट हृदयाच्या पातळीपेक्षा जरा वरखाली झाले की आकडा बदलतो, म्हणून ते टाळले. दवाखान्यातल्या मोजणीशी ताडून पाहिल्यावर यंत्राबद्दल शंका उरली नाही. तक्रार आहे ती सोबत आलेल्या पट्ट्याबद्दल.

खोक्यातला पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी होता आणि माझ्या दंडाचा घेर ३५ सेंटिमीटर भरला. पट्टा लहान पडला की रक्तदाब प्रत्यक्षाहून जास्त दिसतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, ज्यांना मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा बांधल्यावर वरचा आकडा सरासरी सुमारे ५ मिलिमीटरने (रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात), तर ज्यांना त्याहूनही मोठा लागतो त्यांचा जवळपास २० मिलिमीटरने जास्त आला. एक किलो वजन घटल्यावर वरचा रक्तदाब साधारणपणे एका मिलिमीटरने उतरतो, हा ढोबळ हिशेब लक्षात घेतला, तर कित्येक महिन्यांचे कष्ट निव्वळ चुकीच्या पट्ट्यामुळे दिसेनासे होऊ शकतात. वजन जास्त असलेल्यांनाच या यंत्राची सर्वाधिक गरज असताना मोठा पट्टा त्यांनी वेगळा विकत घ्यावा, हे मला मुळीच पटत नाही.

पुढे नऊ किलो वजन घटले आणि घेर ३१ सेंटिमीटरवर आला. आता मोठा पट्टा सैल पडून आकडा खऱ्यापेक्षा कमी दाखवण्याची शक्यता होती, म्हणून मी पुन्हा मूळ पट्ट्याकडे वळलो. वजन कमी होत असताना दंड अधूनमधून मोजावा, असे माहितीपुस्तिकेत कुठेही लिहिलेले नाही. ते ठळकपणे छापायला हवे होते.

यंत्रातील नोंदी साठवण्याची सोय मात्र उत्तम आहे. भरभर चालून आल्यावर लगेच वरचा आकडा चढलेला असतो आणि नंतर काही तास तो नेहमीपेक्षा खाली राहतो, त्यामुळे मोजण्याची वेळ ठरलेली हवी. मी सकाळी चालायला जाण्यापूर्वी आणि संध्याकाळी, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसल्यावर, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजतो. योग्य पट्ट्याने घेतलेली आठवड्याची सरासरी १४७/९२ वरून १३३/८३ वर आली आहे. घरच्या मोजणीत १३५/८५ ही उच्च रक्तदाबाची सीमा मानतात. गोळी अजून चालू आहे, आणि तिची मात्रा कमी करायची की नाही हे याच नोंदी पाहून डॉक्टर पुढच्या भेटीत ठरवणार आहेत.